पाण्यात ॲसिड, की ॲसिडात पाणी?

वाचकांचे प्रश्न, लॅबवाल्या बाईंची उत्तरं

गेल्या महिन्यात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं की प्रयोगशाळेतले निम्मे अपघात बाटलीत नसतात, जिभेवर असतात, म्हणजे अर्धवट बोलल्यानं आणि चुकीचं ऐकल्यानं होतात. 'निम्मे' हा माझा अंदाज. नाशिकच्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक म्हणून ३३ वर्षं काढल्यावरचा. कुणी मोजून ठेवलेला आकडा नव्हे. तरी पत्रांचा गठ्ठा आला. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर 'बाई, तुम्ही सहायक होतात, सिद्धांत मांडू नका' असंही सुनावलं. सर, सिद्धांत तुमच्याकडेच राहू द्या. बाटल्या मी धुतल्यात.

प्रश्न (सिन्नर): मी एका ज्युनिअर कॉलेजात सहा महिन्यांपूर्वी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. भिंतीवर ३० नियमांचा फलक आहे, रंग उडालेला. मुलं त्याच्याकडे बघतही नाहीत. सर म्हणतात, 'तू सांगत जा.' पण काय सांगू आणि कसं? ४० मुलांच्या गलक्यात माझा आवाजच पोचत नाही.

उत्तर: फलक काढू नका, तपासणीला येणाऱ्या साहेबांना तो लागतो. पण तो वाचून कुणाचा हात वाचला, असं मी काही पाहिलं नाही. तुमचा खरा प्रश्न शेवटच्या वाक्यात आहे, आवाज पोचत नाही. म्हणून आधी माझीच एक चूक सांगते.

१९९१ चा ऑगस्ट. आमची लॅब तेव्हा जुन्या इमारतीत होती, वर पत्रे. नाशिकचा पावसाळा ज्यांनी पत्र्याखाली काढलाय त्यांना तो आवाज सांगायला नको. मी काचेच्या पेटीतल्या दोन पारड्यांच्या तराजूवर वजन करत होते, पाठ मुलांकडे. मागून एका मुलानं विचारलं, "बाई, ॲसिडात पाणी घालायचं ना?" माझ्या कानावर आलं, "ॲसिड... पाणी... घालायचं ना?" मी न वळता म्हणाले, "हो हो, सावकाश."

त्यानं सावकाशच घातलं. बीकरमध्ये संहत, म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड आणि वरून वॉश बॉटलचं पाणी. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा आवाज झाला आणि मग पोराचं ओरडणं. उजवं मनगट, आणि डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर दोन थेंब. गॉगल तेव्हा आमच्याकडे नव्हते. असते तरी मी ते घालायला लावले असते का, शपथेवर सांगता येणार नाही. आमच्या शिपाईमामांनी त्याला दंडाला धरून नळाशी नेलं आणि घड्याळ बघत २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून ठेवलं. तेवढ्यात एक मुलगा खिशातली चुन्याची डबी उघडून धावत आला, 'ॲसिडवर चुना!' मामांनी त्याचा हात झटकला. पोराचं शास्त्र बरोबर होतं, करणी चुकीची. ॲसिड आणि चुना एकमेकांना मारतात हे खरं, पण मारताना तापतात, आणि ती उष्णता त्याच कातडीवर निघते. शिवाय ओला चुना स्वतःही चावतो. अंगावर ॲसिड पडलं तर पाणी, तेही वाहतं आणि भरपूर. डोळ्यात उडालं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान १५ मिनिटं धुवायचं आणि तसंच थेट डॉक्टरांकडे. हळद नाही, टूथपेस्ट नाही, चुना तर नाहीच. त्या मुलाचा डोळा वाचला. मनगटावर डाग राहिला.

असं का होतं ते मुलांना एकदा नीट सांगा, मग नियम पाठ करायला लावावा लागत नाही. संहत सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या १.८४ पट जड. त्यावर पाणी ओतलं की ते तेलासारखं वरच राहतं, आणि मिसळण्याची सगळी उष्णता त्या दोघांच्या शिवेवर निघते. वरचं थोडंसं पाणी क्षणात उकळतं आणि उडताना ॲसिड घेऊन उडतं. उलट केलं, म्हणजे भरपूर पाण्यात ॲसिड काठीच्या आधारानं थेंबाथेंबानं सोडलं, तर ते खाली बसत जातं आणि उष्णता अख्ख्या पाण्यात वाटली जाते. तरी बीकर हाताला गरम लागतंच. लागू दे, पण ढवळत राहायला सांगा.

आता जिभेचं. नंतर कित्येक दिवस मी ती दोन वाक्यं तोंडात घोळवत होते. ॲसिडात पाणी. पाण्यात ॲसिड. आपल्या मराठीत शब्द इकडचे तिकडे केले तरी बिघडत नाही, 'पाणी ॲसिडात' म्हणा की 'ॲसिडात पाणी', अर्थ तोच. सगळा भार त्या एका 'त'वर, आणि तो 'त' पत्र्यावरच्या पावसात सगळ्यात आधी वाहून जातो. तेव्हापासून मी वाक्यच बदललं: 'आधी पाणी, मग ॲसिड.' यातलं 'आधी' आणि 'मग' कुणी गिळलं तरी क्रम उरतो. माझ्या मुली मला हसायच्या, घरी चहा टाकतानाही मी 'आधी पाणी' म्हणते म्हणून.

दुसरी गोष्ट मी स्वतःवर लादून घेतली. ज्या प्रश्नाचं उत्तर नुसतं 'हो' येतं, तो प्रश्न मी घेईनाशी झाले. 'बाई, हे घालू ना?' असं कुणी विचारलं की मी म्हणायची, 'काय, कशात, किती, पूर्ण बोल.' मग पोरगं वैतागून म्हणायचं, 'शंभर मिलि पाणी घेतलंय, त्यात पाच मिलि ॲसिड घालतोय.' ते वैतागलेलं वाक्य ऐकलं की मला बरं वाटायचं. 'झालं का?' 'झालं' हेही तसलंच. गॅस बंद केला का विचारलं तर 'केला' म्हणतात, आणि केलेला असतो टेबलावरचा कॉक. भिंतीवरचा मेन व्हॉल्व्ह चालूच. 'कोणता?' असं विचारायची सवय लावा. पहिल्याच तासाला मेन व्हॉल्व्ह, वाळूची बादली, अग्निशामक आणि जवळचा नळ हाताला धरून दाखवा. नुसतं बोट दाखवून भागत नाही, घाबरल्यावर मुलांना दिशा आठवत नाही, पण एकदा स्वतः फिरवलेला व्हॉल्व्ह आठवतो.

४० मुलांसमोर ओरडू नका, घसा जाईल. दर टेबलावरचा एकेक मुलगा किंवा मुलगी पुढे बोलवा, आठ-दहा जण होतात. त्यांना सांगा, त्यांच्याकडून म्हणवून घ्या, आणि ते आपापल्या टेबलाला सांगतील. म्हणवून घेणं महत्त्वाचं. सांगताना सगळ्यांना समजलेलं असतं, म्हणायला लावलं की कळतं कुणाला काय समजलंय.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा आणखी एक गुंता आहे. पुस्तकात 'तीव्र आम्ल' आणि 'संहत आम्ल' हे दोन वेगळे शब्द. तीव्र म्हणजे जातीनं जहाल. संहत म्हणजे पाणी कमी, आम्ल जास्त. घरी मात्र दोन्हीला एकच शब्द, 'कडक'. आणि त्यांच्या उलट 'सौम्य', 'विरल' दोन्हीला 'पातळ'. ॲसिटिक आम्ल हे पुस्तकानुसार सौम्य, म्हणून एका मुलीनं त्याची संहत बाटली बिनधास्त बोटांनी पुसली. सालपट निघालं. तुम्ही 'कडक' आणि 'पातळ' हे शब्द लॅबच्या दाराबाहेर ठेवा, चपलांसारखे.

शेवटच्या अक्षरानं घात करणारी नावंही असतात. ॲनिलिनपासून नारिंगी-लाल रंग करायचा प्रयोग होता, बर्फात ठेवून, ० ते ५ अंशांच्या मध्ये. अख्ख्या बॅचच्या परीक्षानळ्या कोऱ्या. सरांनी सोडियम नायट्राइट मागितलं होतं, माझ्या मदतनिसानं नायट्रेट काढून दिलं. तिथे फक्त एक दुपार वाया गेली. पण पोटॅशियम क्लोराइडच्या जागी क्लोरेट आलं आणि त्यावर संहत सल्फ्युरिक ॲसिड पडलं, तर स्फोट होऊ शकतो. म्हणून मी तोंडी मागणी घेणंच सोडलं. चिठ्ठी आणा, तीवर रेणुसूत्र लिहा. सूत्राला शेपूट गिळता येत नाही.

लेबलाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नको, झाकणं बदलतात. नाव, किती संहत, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव. पेननं नको, पेन्सिलीनं लिहा. स्पिरिटचा ओला हात लागला की शाई पसरते, पेन्सिल हलत नाही. आणि ओतताना लेबल तळहाताकडे, म्हणजे ओघळ आला तर अक्षरांवर येत नाही. हे मला शिपाईमामांनी शिकवलं, कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही.

प्रश्न (पंचवटी): मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात सोडियम घेऊन लसाईनची टेस्ट आहे, पदार्थात नायट्रोजन, गंधक वगैरे आहे का ते ओळखायची. सीनियर म्हणतात गेल्या वर्षी एकीची ट्यूब फुटली. मॅडम म्हणतात घाबरायचं नाही. मला रात्री झोप येत नाही. शिवाय आई म्हणते, सकाळी थंडी असते, स्वेटर काढायचा नाही.

उत्तर: मॅडमना सांगू नकोस, पण थोडं घाबर. ज्या मुली सोडियमला थोड्या घाबरतात त्यांचे हात नीट चालतात. फुटतात त्या बहुतेक 'मला येतं' म्हणणाऱ्यांच्या ट्यूब.

काय होतं ते बघ. सोडियम केरोसीनमध्ये बुडवून ठेवतात, कारण हवेतला ओलावाही त्याला पुरतो. तुला छोटा तुकडा मिळेल, मुगाच्या दाण्याएवढा पुरे. जास्त मागू नकोस. सुरी कोरडी, चिमटा कोरडा, गाळणकागद कोरडा, आणि तुझी बोटं त्याला लागायची नाहीत, कारण बोटांना घाम असतो. कागदावर टिपून केरोसीन काढायचं, ट्यूबमध्ये टाकायचं. ट्यूब चिमट्यात तिरकी, तोंड भिंतीकडे. स्वतःकडे नाही हे सगळ्या लक्षात ठेवतात, शेजारणीकडेही नाही हे विसरतात. बर्नरवर तापून लालभडक झाली की चायना डिशमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडायची आणि सोडल्यासरशी तारेची जाळी वर. काच तडकणारच आहे. ती तडकावी म्हणूनच तू तिला पाण्यात घालतेस! 'ट्यूब फुटली' म्हणून सीनियर जे सांगतात ते पुष्कळदा एवढंच असतं. धोका काचेत नाही, ट्यूबमध्ये न जळता उरलेल्या सोडियममध्ये आहे. ते पाण्याला लागून भडकतं. म्हणून पूर्ण लाल होऊ दे, घाई नको, आणि जाळी डाव्या हातात आधीपासून तयार ठेव. डोळ्यांवर गॉगल. सोडण्याआधी मोठ्यानं म्हण, 'मी सोडतेय.' शेजारची दोन पावलं मागे जाते. हे कुठल्याही पुस्तकात छापलेलं नसलं तरी कर.

उरलेला कण बेसिनमध्ये टाकायचा नाही. ज्या कागदावर सोडियम कापलं तो कागदही ओल्या कचऱ्याच्या डब्यात नाही. आमच्याकडे एकदा दुपारी बारा वाजता रिकाम्या लॅबमधला डबा पेटला होता, त्याचं कारण तेच. सहायकाकडे दे, तो ते स्पिरिटमध्ये थोडं थोडं संपवील. आणि सोडियम पेटलंच तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामकही नाही. कोरडी वाळू.

आता स्वेटर. आईंना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची एक संशोधन सहायक हवा लागताच पेट घेणारं रसायन सिरिंजनं काढत होती. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, कपडे पेटले. अंगात एप्रन नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. १८ दिवसांनी ती गेली. सिंथेटिक धागा जळतो तसा वितळतो आणि कातडीला चिकटतो. तेव्हा थंडी वाजत असेल तर आतून सुती दोन कपडे घाल, वर सुती एप्रन, बटणं लावून. वेणी एप्रनच्या आत. ओढणी बॅगेत, खुंटीवर नाही, कारण खुंटी बर्नरच्या वरच असते. मी ३३ वर्षं साडीत काम केलं. पदर खोचून, वर एप्रन, आणि नायलॉनची साडी फक्त लग्नाला.

प्रश्न (दिंडोरी): मी एका वायनरीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. हंगामात, जानेवारी ते मार्च, रात्रपाळी असते. मदतनीस उत्तरेकडचा आहे, मराठी जेमतेम. गेल्या हंगामात मी फोनवर सांगितलं, 'एकोणतीसमध्ये तीस टाक.' सकाळी पाहिलं तर ३० नंबरच्या टँकमध्ये ३० ग्रॅम केएमएस, म्हणजे वाइन टिकवायची पावडर, पडलेलं. मला २९ नंबरच्या टँकमध्ये ३० पीपीएम हवे होते. साहेबांनी दोघांनाही झापलं. चूक कुणाची?

उत्तर: तुमची. त्याची पाव.

एका वाक्यात तुम्ही तीन खड्डे खणलेत, दादा. पहिला आकड्याचा. एकोणतीस त्याच्या हिंदीत 'उनतीस', आणि फोनच्या खरखरीत दोन्हीतलं 'तीस' तेवढं ऐकू येतं. मराठी माणसाचाही यात बळी जातो. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, फोनवर ओळखून दाखवा. आजकालच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना तर पावणेदोन म्हणजे १.७५ हेही सांगावं लागतं. माझ्याकडच्या एकानं 'पावणेदोन ग्रॅम'साठी २.२५ तोललं होतं, कारण 'पाव' त्याला अधिक वाटला. मी सव्वा, दीड, पावणे, अडीच ही सगळी गोड मंडळी बाजारापुरती ठेवली. लॅबमध्ये 'एक पॉइंट सात पाच' आणि 'टँक दोन-नऊ', एकेक आकडा सुटा. ऐकायला रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं वाटतं. वाटू दे.

दुसरा खड्डा, तीस काय? ग्रॅम की पीपीएम? पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. टँक १,००० लिटरचा धरला तर ३० पीपीएमला ३० ग्रॅम लागतात, म्हणून आकडा सारखाच दिसतो आणि सगळे फसतात. कारण तिसरा खड्डा पुढे आहे. ३० ग्रॅम कशाचे? तुम्हाला हवा होता सल्फर डायऑक्साइड. डब्यात आहे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला तुम्ही केएमएस म्हणता, आणि त्यात सल्फर डायऑक्साइड वजनाच्या सुमारे ५७ टक्केच निघतो. म्हणजे ३० पीपीएमसाठी केएमएस टाकायला हवं होतं सुमारे ५२ ग्रॅम. त्यानं ३० टाकलं, मिळाले १७ पीपीएम, आणि तेही भलत्याच टँकला. एवढं सगळं 'एकोणतीसमध्ये तीस' या दोन शब्दांत तुम्ही कोंबलं होतं.

मनाला लावून घेऊ नका. एककाची हीच चूक १९९९ मध्ये अमेरिकेच्या नासानं केली. एका गटानं बलाचा हिशेब पौंडात दिला, दुसऱ्यानं तो न्यूटनमध्ये धरला, आणि मंगळाभोवती फिरायला निघालेलं यान हातचं गेलं. तुमची वाइन निदान तपासता येते. सकाळी मुक्त सल्फर डायऑक्साइडचं टायट्रेशन करा आणि कमी पडलं तेवढं भरा.

पुढच्या हंगामासाठी एक जाड वही घ्या आणि ती टँकहाऊसच्या दाराशी दोरीनं बांधून ठेवा. दोरी यासाठी की पेन आणि वही दोन्हीला पाय असतात. तीत टँक नंबर, पदार्थाचं नाव, वजन ग्रॅममध्ये, वेळ, सही. हिशेब तुम्ही करा. त्याच्याकडे पीपीएम जाऊच देऊ नका. त्याला फक्त 'केएमएस, ५२ ग्रॅम, टँक २-९' एवढं मिळायला हवं. अर्धा ग्रॅम लिहायचा तर ०.५ लिहा, नुसता .५ नको, बिंदू डासासारखा असतो, दिसत नाही. आणि फोन करावाच लागला तर त्याच्या भाषेत त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. 'हाँ जी' हे उत्तर नाही. बिचारा रात्री दोन वाजता साहेबाला 'समजलं नाही' म्हणणार नाही. तो 'हाँ जी'च म्हणणार. 'समझा नहीं' म्हटल्याबद्दल त्याला कधीही बोलणार नाही, हे हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याला तुम्ही सांगा. केएमएस तोलताना पातेल्यावर वाकू नये, दमेकऱ्याला तो वास जड जातो, हेही सांगा.

प्रश्न (गंगापूर रोड): डिसेंबरात आमच्या लॅबमधल्या ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडच्या बाटलीत खडे झाले. माल खराब आला का? एकानं बर्नरवर गरम करू म्हटलं.

उत्तर: माल चांगला आहे, नाशिक थंड आहे. हे ॲसिड १६.६ अंशांना गोठतं. बर्फासारखं दिसतं म्हणूनच त्याला ग्लेशियल म्हणतात. बाटली उत्तरेच्या खिडकीखाली फरशीवर ठेवली असेल तर निफाडच्या पाऱ्याची बातमी येते त्या आठवड्यात ती गोठणारच. बर्नर म्हणणाऱ्याला जरा बाहेर उभं करा. ४० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. बूच सैल करून बाटली कोमट पाण्याच्या टबात ठेवा, गॉगल आणि हातमोजे घालून, खिडकी उघडून. तासाभरात वितळेल. पूर्ण वितळल्यावर हलवून मगच घ्या.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): बाई, आमच्याकडं लॅब नाही, द्राक्षबाग आहे. तुमचं सदर सून वाचून दाखवती. बुरशीवर फवारायचं बोर्डोचं द्रावण कधी जमतं, कधी फाटतं. गडी तेच, मोरचूद तेच.

उत्तर: आबा, तुमचा २०० लिटरचा ड्रम हीच लॅब. एक टक्क्याला मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद निम्म्या पाण्यात, प्लॅस्टिकच्या भांड्यात. लोखंडाच्या ड्रममध्ये नको, मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढतं आणि द्रावण रिकामं होतं. चुना उरलेल्या पाण्यात वेगळा विरवून, गाळून, गार करून. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू, ढवळत. उलट नको. गड्याला सांगताना 'चुन्यात मोरचूद' म्हणू नका, 'आधी चुना, मग मोरचूद' म्हणा. का ते वरच्या सिन्नरच्या पत्रात आहे, सूनबाई परत वाचून दाखवील. झाल्यावर घासून लख्ख केलेला विळा मिनिटभर बुडवा. तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी फवारा, शिळं ठेवू नका. कळीचा चुना विरवताना तो उकळून उडतो. गड्याला चष्मा द्या, शंभर-दीडशे रुपयांचा मिळतो.

प्रश्न (इंदिरानगर): दिवाळीच्या साफसफाईत संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलं तर डाग लवकर जातात का? सुनेनं केलं, तिला खोकल्याची उबळ आली.

उत्तर: जातात की नाही ते बघायला माणूस मोरीत टिकत नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तोच जो १९१५ मध्ये बेल्जियममध्ये लढाईत सैनिकांवर सोडला होता. सुनेला अजून धाप लागत असेल, छाती भरल्यासारखी वाटत असेल, तर आजच डॉक्टरांना दाखवा. तास उलटल्यावरही त्रास वाढू शकतो. पुन्हा असं झालं तर काही ओतायला किंवा धुवायला थांबायचं नाही, आधी बाहेर पडायचं.

तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की ॲसिड यजमानांनी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलंय, फ्रिजशेजारी, म्हणजे 'लक्षात राहावं म्हणून'. आजी, हे मासिक खाली ठेवा आणि ती बाटली आधी उचला. नातवंडं दिवाळीला येणार असतील. मूळ बाटलीत परत ओता, ती नसेल तर त्या बाटलीवर चारी बाजूंनी कागद चिकटवून 'ॲसिड' लिहा आणि कुलूप लागणाऱ्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवा. वरच्या फळीवरून काढताना ती डोळ्यांवर येते. कुणी घोट घेतलाच तर उलटी करवू नका, आत जाताना जाळलेलं बाहेर येताना पुन्हा जाळतं. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, 'काय होतं त्यात?'